उरलेला वीस हात दोर

काथ्याच्या दोराचा वास आला की ती अमावास्येची सकाळ आठवते. कोलशेतहून शिडाच्या होडीत आम्ही तिघं निघालो होतो: होडीवाले म्हातारे नाखवा, मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी. खाडीच्या तोंडाशी वारा फिरला आणि होडी खडकाळ टोकाकडे ढकलू लागला, म्हणून नाखवांनी नांगर टाकला. पाणी आठ हात आणि दोर त्याच्या पाचपट, चाळीस हात. उरलेला वीस हात दोर निघताना मीच उगाच ओझं म्हणून धक्क्यावर ठेवायला लावला होता. दहा वाजेपर्यंत भरतीने पाणी दुप्पट झालं, दोर तोकडा पडून नांगर तळ सोडून घसरू लागला आणि खडकांवर फुटणाऱ्या लाटांचं पाणी अंगावर आलं. "भाऊ, ओहोटीचा पानी मोजलास. भरतीचा कोन मोजनार, तुजा सासरा?" असं म्हणत नाखवांनी शीड उतरवलं आणि त्याची दोरी नांगराच्या दोराला जोडली. मुलीने माझा शर्ट घट्ट धरला होता. "बाबा, आता पुरेल ना?" "पुरेल, मोजलंय मी," मी म्हणालो. मी काहीच मोजलं नव्हतं. खडक दहा हातांवर असताना नांगर रुतला. परवा मुलगी तिच्या नवऱ्याला सांगत होती, "आमचे बाबा तेव्हाही शांतपणे मोजत होते." ते मी अजून दुरुस्त केलेलं नाही.