बाडी

फाल्गुन सरता सरता गडचिरोलीतल्या मुलचेऱ्यावर मोहफुलांचा आंबूस-गोड वास असा दाटून येतो की श्वाससुद्धा जड होतो. मला तो वास आता नकोसा झाला आहे, आणि दोष मोहाचा नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची, अशाच एका फाल्गुनातली गोष्ट. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवीत होतो, म्हणून निर्वासित बंगाल्यांच्या वस्त्या पाहायला आलेल्या एका वृद्ध गोऱ्या साहेबांचा दुभाषा झालो. इंग्रजी अमलाच्या शेवटच्या वर्षांत हे साहेब, ऐन तारुण्यात, याच, तेव्हा चांदा जिल्ह्यात असलेल्या, अरण्यात अधिकारी होते. राज्य गेले तसे ते निर्वासितांना मदत करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत शिरले आणि निवृत्तीनंतरही तिचे सल्लागार म्हणून देशोदेशी हिंडत राहिले. हुद्दा बदलला, दौरा तोच. झाडाखाली एकच खुर्ची, तीत साहेब, आणि समोर धुळीत उकिडवी बसलेली माणसे. पूर्वी त्यांना रयत म्हणत, आता लाभार्थी म्हणायचे, एवढाच काय तो फरक! किळस येते आज. त्या दिवशी मात्र खुर्चीशेजारी उभे राहण्याचा मला केवढा अभिमान वाटत होता.

मालतीमावशी नावाची एक विधवा पुढे आली. आमची बोली तिला चांगली येत होती, पण मला बंगालीही कळते अशी साहेबांवर छाप पडावी म्हणून मीच तिला बंगालीत बोलायला सांगितले. "आमार बाडी नाई," ती म्हणाली. आमच्या झाडीपट्टीत बाडी म्हणजे परसातला भाजीपाल्याचा तुकडा. मी बेधडक तसे सांगून मोकळा झालो. साहेबांनी वहीत 'भाजीचे बियाणे' असे टिपले आणि तिच्याकडे पाहून प्रसन्न हसले.

परतताना जीप चालवणाऱ्या रहीमभाईने, ज्याची हयात या वस्त्यांतून ये-जा करण्यात गेली होती, हळूच सांगितले, "मास्तर, बंगाल्यायची बाडी म्हंजे घर. पुतण्यानं हाकललं तिले." घराची जागा मेलेल्या नवऱ्याच्या नावे होती. साहेबांचा एक शब्द तहसीलदाराच्या कानी पडता, तर ती तिच्या नावावर चढली असती, इतके सारे त्यांच्यापुढे वाकत होते. साहेब मागेच बसले होते. मला फक्त मान वळवायची होती. पण नेमके तेव्हाच ते माझ्या इंग्रजीची तारीफ करीत होते, दिल्लीच्या कार्यालयात माझी शिफारस करतो म्हणत होते. मी थँक यू म्हणालो. साहेबांच्या मुक्कामाचे गडचिरोली येईपर्यंत दुसरे काहीच म्हणालो नाही, आणि सकाळी साहेब निघून गेले.

शिफारस कधी आली नाही. ज्येष्ठात बियाण्याची पाकिटे मात्र आली, भेंडी, दोडकी, चवळी, आणि ती वाटायला मलाच धाडले. मावशी कुणाच्या तरी गोठ्याच्या पडवीत राहत होती; शेणाचा ओला दर्प, एक चूल, एक गाठोडे. तिने पाकिटे उलटसुलट करून पाहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "बियाणं पेरू कुठी?"

ती टोमणा मारत नव्हती. मास्तराला ठाऊक असेल म्हणून खरोखरच विचारत होती. यंदा पाऊस चांगला आहे म्हणतात, असे मी तिला सांगितले.