सकीनाआपाची वाफ्यांची वही

मी भावाच्या घरच्या लग्नासाठी कारंज्याला गेले होते. कामरगावहून आलेल्या बैलबंडीवाल्याने अंगणात उभं राहून सांगितलं, "बाई, तुमच्या शेजारची सकीना पिंजारीण गेली. काल दुपारी माती दिली." हातातलं ताट मी खाली ठेवलं... आणि मनात पहिल्यांदा आलं ते हे, की वहीत या चार दिवसांची नोंद राहिली. अशा वेळी असलं काही मनात यावं याची मला तेव्हा लाज वाटली. आज सहा आठवड्यांनी वाटत नाही.

लग्न होऊन मी कामरगावात आले, तेव्हा आमच्या दुकानाच्या मागे, एका भिंतीपलीकडे आपाचं घर होतं. तिचे यजमान उस्मानभाई गाद्या भरायचे. घरामागे विहिरीजवळ तिचे सात वाफे. गल्लीतल्या बायकांत लिहिता-वाचता येणारी मी एकटीच. एक दिवस भिंतीवरून हाक आली, "पद्मा, तुले लिवता येते म्हणे. माह्या वाफ्यायचं लिहून देशील का? आता डोक्यात नाही राहत." दुकानातली एक कोरी वही मी मागच्या दाराने घेऊन गेले. त्यानंतर बावीस वर्षं मी तिच्या वाफ्यांचं लिहीत आले. मृगाच्या आधी ती दोरी घेऊन वाफ्यांत उकिडवी बसायची आणि बोट दाखवत सांगायची, इथं गेल्या साली वांगी होती, आता इथं चवळी. भेदरं, म्हणजे टोमॅटो, भिंतीकडे; सांभार, म्हणजे कोथिंबीर, पाटाच्या तोंडाशी. पेरलं कधी, उगवलं कधी, कीड कशावर पडली, सगळं मी लिहायची. आम्ही जैन, घरात कांदा-लसूण येत नाही. पण कांद्याचं रोप कोणत्या दिवसांत लावावं, हे मी आजही न चुकता सांगेन.

तिचा जीव होता तो वालात. लग्नात तिच्या आईने रुमालात बांधून दिलेलं बी, रुंद शेंग आणि तिला जांभळी कड. दरसाल तीन वेल ती फक्त बियांसाठी राखायची. आदल्या वर्षी बऱ्याच बियांना किडे लागले, म्हणून उरलेलं मूठभर बी तिने गेल्या पावसाळ्यात सगळंच लावलं. दिवाळीनंतर तिला ताप आला तो हटेना. ती खाटेला खिळली. वाफ्यांना पाणी मी घालायची आणि संध्याकाळी खाटेशी बसून वही वाचून दाखवायची.

पौषातल्या एका दुपारी मागचं कवाड माझ्या हातून उघडं राहिलं. ढोरं आत घुसली. मी परत गेले तेव्हा वालाचा मांडव आडवा पडलेला, वेल मुळासकट तुडवलेले. उस्मानभाई म्हणाले, "भाभी, तिले सांगू नका. ताप उतरू द्या." त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं, "वालाला फुलं." आठवड्याने लिहिलं, "शेंगा धरल्या." ते ऐकताना तिचा चेहरा असा उजळायचा, की मला पुढचं वाचवत नसे.

मग तिने शेंग मागितली. मी बाजारातून आणून तिच्या हातात दिली. तिने अंगठा कडेवरून फिरवला, पुन्हा फिरवला.

"पद्मा, ही माही शेंग नाही."

मी रडत सगळं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बोलावणं पाठवलं.

"वही आन. खोटं लिवलं ते खोड. मी नसन तवा हे वाचून कोणी वालाचं बी धुंडत बसन."

मी खोडलं. विचारलं, "कवाड माझ्या हातून उघडं राहिलं, असं लिहू?"

"वाफ्याच्या वहीत माणसाचं नाव कायले? ढोरं घुसली, इतकंच लिव."

मी लिहिलं. ती छताकडे पाहत म्हणाली, "माह्या मायची तेवढीच निशाणी होती व."

त्यानंतर ती दोन महिने होती. येत्या मृगाचे वाफेही तिने सांगून ठेवले, सातपैकी सहा. वालाच्या वाफ्याचं मी विचारलं, तर तिने नाही अशी मान हलवली. मीही पुन्हा विचारलं नाही.

उस्मानभाईंनी तिच्या खोलीत आता कापूस भरला आहे, पण खाट होती तेवढी जागा मोकळी ठेवली आहे. संध्याकाळी पाणी घालून झालं की मी दारात उभी राहते आणि लिहिलेलं मोठ्याने वाचते. काल वाचलं, "भेंडीला कीड. दोडक्याचे दोन वेल वाळले." त्या वेळी बाहेर ओट्यावर उस्मानभाईंची कापूस पिंजायची धनुकली टणटणत असते. मी वाचायला लागले की ती थांबते. वाचून झाल्यावरही थोडा वेळ ती थांबलेलीच असते.