सुरयांच्या पोटातली चिलापी

माझ्या टेबलावर समुद्रपक्ष्यांची ओकारी असायची. दुसरा कुठलाही शब्द वापरला तरी ती सुवासिक होत नाही, म्हणून सरळच सांगते. आमच्या विभागातली माणसं बंगालच्या उपसागरातल्या दूरच्या बेटांवर जायची, सुरय पक्ष्यांच्या विणीच्या जागेवरून त्यांनी बाहेर टाकलेलं अन्न बाटल्यांत भरून आणायची, आणि मी चंडीगढच्या विद्यापीठात, समुद्रापासून जमेल तितक्या लांब, त्यातले काटे, खवले आणि माशांच्या कानातले मोहरीएवढे खडे वेगळे करत बसायचे. त्या खड्यावरून मासा कुठला ते कळतं. मी वेंगुर्ल्याची. मासे ओळखण्याचा पगार मिळतो म्हणून घरी माझी फार थट्टा व्हायची. वडील गेले आणि ती थांबली.

त्यांना आजारपणात मीच इकडे आणलं होतं. मोठं हॉस्पिटल, ओळखीचे मराठी डॉक्टर, सगळं हाताशी होतं. तरी हिवाळा सरायच्या आत ते गेले. सोबत आलेली आई मग माझ्याकडेच राहिली, कारण वेंगुर्ल्याचं घर उघडायला आता तिकडे कुणी नव्हतं. मी लग्न केलेलं नाही. विद्यापीठाच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघी.

आणि आईने जेवण टाकलं. भांडण नाही, हट्ट नाही. दोन घास पेज घ्यायची आणि ताट सरकवायची. पनीर म्हणजे तिला रबर वाटे. उन्हाळा लागला तेव्हा तिच्या हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत जायला लागल्या. शेजारी नागपूरचे एक डॉक्टर राहायचे, ते तिला म्हणाले, "काकू, औषधापेक्षा जेवण महत्त्वाचं आहे हो." ती मान हलवायची. मला रात्रंदिवस भीती वाटायची. लागोपाठ दोघांना पोचवायची ताकद माझ्यात नव्हती.

माझं निदान ठरलेलं होतं: समुद्राचा मासा नाही, म्हणून हिला जेवण जात नाही. आमच्याकडे गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणायचीही तयारी नसते. मी सेक्टर बावीसमधून रोहू आणला. आईने तो छान साफ केला, कालवण केलं, मला वाढलं आणि स्वतः पेज घेतली. आयटी पार्कमुळे दक्षिणेकडची आणि बंगालची मुलं नोकरीला आली होती आणि त्यांच्यामागून आता थर्माकोलच्या पेट्यांतून बर्फातली सुरमई शहरात यायला लागली. आनंदाने नाचत ती घरी घेऊन आले. आईने कुरकुरीत तळली, सगळ्या तुकड्या माझ्या ताटात घातल्या. "तुका आवडता, तू खा." इतकी शिकलेली मी, पण तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही. शिळी म्हणून नाक मुरडते आहे, एवढंच मला वाटलं.

त्याच दिवसांत माझ्या बाटल्यांत एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. समुद्राच्या पक्ष्याच्या पोटात चिलापी. ही गोड्या पाण्यातली मासळी, मूळची आफ्रिकेतली. कुणीतरी कधीकाळी बेटावरच्या लोकांना खायला मिळावी म्हणून तळ्यात सोडलेली, मग डबक्याडबक्यांत पसरलेली. समुद्र खवळला की सुरय तळ्यावर घिरट्या घालून तीच उचलत होते. आमच्या विभागात यावर बरेच दिवस चर्चा चालली. मला मात्र त्या खड्यांत फक्त आईसाठी एक मुद्दा सापडला होता.

तो मी जेवणाच्या वेळी तिच्यावर फेकलाच. "आये, अख्खो समुद्र समोर असान ते पक्षी तळयातली चिलापी खातत. मगे तुका रोहू कित्याक चलना नाय?"

मला वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "दाखय बघूया."

रविवारी तिला विभागात घेऊन गेले. स्पिरिटच्या वासाने तिने पदर नाकाला लावला, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्यावर मग बराच वेळ उचलला नाही. एका बशीत चिलापीचे खडे होते, दुसरीत समुद्राच्या माशांचे. मी शिकवायला उभी राहिल्यासारखी बोलत होते. तिने मध्येच विचारलं, "आणि पिल्लांका काय घालतत?"

प्रश्न अगदी नेमका होता. दुसरी बशी पिल्लांच्याच ओकारीची होती. पिल्लांसाठी आईबाप जमेल तोवर समुद्रावरूनच मासा आणत होते, खूप लांब जाऊन. तळ्यातली चिलापी बहुतेक त्यांच्या स्वतःच्या पोटात जात होती.

"म्हणजे ती चवीसाठी खाणत नाय," आई म्हणाली. "उडूक बळ व्हया म्हणान खातत."

मग ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "पक्ष्यांका बरां आसा गो. तेंका नवस नसता."

असं ते मला कळलं. वडील अतिदक्षता विभागात असताना तिने मासे सोडले होते. ते बरे होईपर्यंत खायचे नाहीत. आणि ते बरे झालेच नाहीत, त्यामुळे नवस फिटायला जागाच उरली नव्हती. आधी मासे गेले, मग त्यांच्या मागून सगळ्याच जेवणातली गोडी गेली.

मला भयंकर राग आला. हॉस्पिटलचा, देवाचा, माझ्या मूर्खपणाचा. मी म्हटलं, "देवान आपला काम करूक नाय, मगे तू कित्याक पाळतंस?"

"देवाक खंय सांगितलंय मी?" आई शांतपणे म्हणाली. "त्येंकाच सांगितलंय. कानात. म्हटलंय, तुमी बरे होयसर मी माशे खावचंय नाय. घराक जाऊया, मगे दोघां बसान खाऊया. त्येंनी मान हलवली. आता खाल्लंय तर त्येचो अर्थ मी वाट बघूक सोडलंय."

बशा, बाटल्या, चिलापी, सगळं बाजूला राहिलं. माझ्या तोंडून एवढंच बाहेर पडलं, "मी आसंय मां हय. तू गेलंस तर माका कोण?" आणि मी, पिकल्या केसांची बाई, विभागात ओल्या हातांनी रडायला लागले. आईने माझे हात पदराला पुसले. आम्ही घरी आलो.

पुढचा आठवडा तसाच पेजेवर गेला. मी विषय काढला नाही. रविवारी सकाळी ती चपला घालून दाराशी उभी. "मासळी हाडूक जाऊया."

सेक्टर बावीसमध्ये विकणारा म्हणाला, "माताजी, बिल्कुल ताजा है जी, पक्का." आईने त्याच्या शब्दावर विश्वास न ठेवता कल्ले उघडून बघितले आणि रोहू घेतला. घरी येऊन गावच्या सोलांचं आंबट घालून कालवण केलं. दोन ताटं वाढली. मी भाताला हात लावला नाही, तिच्याकडे बघतही नव्हते. बघितलं असतं तर ती थांबली असती, असं वाटत होतं.

तिने घास घेतला. खूप वेळ चावला.

"गेले गो ते," आई म्हणाली.

हॉस्पिटलात ती रडली नव्हती, तेराव्याला रडली नव्हती. आता डोळ्यांतून धारा लागल्या, आणि तरी तिचा हात पुन्हा ताटाकडे गेला. रोहूला बारीक काटे फार. तिला ते दिसत नव्हते, म्हणून मी तिच्या ताटातला तुकडा माझ्याकडे ओढला आणि काटे काढत बसले.