मैदानावरची दोन धोतरं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या ट्रंकेच्या तळाशी दोन धोतरं आहेत आणि ती माझी नाहीत. गोविंदभिया (माळव्यात थोरल्या भावासारख्या माणसाला भिया म्हणतात) गेल्याचा निरोप देवासहून आला, तेव्हा डोळ्यांसमोर आधी त्यांचा चेहरा आला नाही, ती धोतरं आली.

संस्थानं विलीन व्हायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. गोविंदभिया आमच्याकडच्या एका सरदारसाहेबांचं दोन माणसांचं छोटं विमान चालवत. धारहून देवासला ते नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र यांच्या भरवशावर यायचे, खालचे रस्ते, नदी, देवासची टेकडी ओळखत. विमान उतरायचं मैदान त्यांच्या घरामागेच होतं. ते यायचे असले की वहिनी त्यांचीच दोन धुतलेली धोतरं तिथे इंग्रजी टी अक्षरासारखी अंथरत आणि कोपऱ्यांवर दगड ठेवत. त्यावरून भियांना वारा कळे आणि घर आलं हेही कळे. धुळीत पुढचं दिसत नाही, पण सरळ खालचं दिसतं, असं ते म्हणत.

मी सरदारसाहेबांचा रेडिओ-मेकॅनिक. तरुण होतो, डोक्यात हवा होती. मैदानाच्या कडेला मी संदेश पाठवणारं यंत्र उभारलं आणि विमानात सुईचा डबा बसवला. सुई मधोमध राहिली की विमानाचं नाक सरळ आमच्याकडे, इतकं सोपं. भियांनी डबा बसवू दिला, पण टोमणे सोडले नाहीत. "अरे रेडिओवाले, तुझ्या डब्याला सारखी बॅटरी खाऊ घालावी लागते. माझं होकायंत्र उपाशीपोटीही उत्तर दाखवतं." सगळे हसत, मीही हसे. पण ते मला लागे. विजा चमकत असल्या की सुई तिकडे ओढली जाते, हे मी वाचलं होतं. भियांना सांगितलंही होतं, पण असं ओझरतं, की त्यांच्या लक्षात राहू नये.

वैशाखातल्या एका दुपारी सरदारसाहेबांचे पाहुणे खास ते यंत्र बघायला येणार होते. आदल्या दिवशी धारला गेलेले भिया त्याच वेळी परत यायचे होते. वहिनी धोतरं अंथरून स्वयंपाकाला आत गेल्या. मैदानावर मी एकटा. वाटलं, पाहुणे विचारतील, हे वाळवण कसलं? आणि विमान उतरलं की श्रेय धोतरांना जाईल. मी दगड बाजूला सारले, धोतरांची घडी केली आणि बॅटरीच्या खोक्यात कोंबली.

मग धुळीची आंधी उठली. टेकडी दिसेना. पाहुणे आले, खुर्च्यांवर बसले, रुमालांनी तोंडं झाकली. यायची वेळ टळली. एकदा वर घरघर ऐकू आली, अगदी डोक्यावर… आणि दक्षिणेकडे विरत गेली. त्या बाजूला विजा चमकत होत्या. माझं यंत्र नीट चालू होतं. त्या क्षणी धावत जाऊन धोतरं अंथरली असती, तर? पण पाहुणे बघत होते. मी बसून राहिलो.

पेट्रोल संपल्यावर विमान उदयनगरच्या जंगलात पडलं. भियांचा डावा पाय गेला. दवाखान्यात ते मला म्हणाले की घड्याळाप्रमाणे ते बरोबर वेळेला पोचले होते, धुळीच्या फटीतून मैदानही दिसलं, पण मोकळं. म्हणून वाटलं आपलंच चुकलं, आणि ते सुईच्या मागे गेले. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "धोतरं होती ना रे?"

वहिनी उशाशी बसल्या होत्या.

"होती भिया, आंधीत उडाली," मी म्हणालो.

सरदारसाहेबांना भियांनी एवढंच सांगितलं, "मी वाट चुकलो." त्यांची नोकरी गेली. पुढे ते कुबडी भिंतीला टेकवून शाळेत भूगोल शिकवत. बाजारात टवाळ पोरं विचारत, "मास्साब, घर का रास्ता याद है?" तेही हसून म्हणत, "तूच सोड मला घरापर्यंत." मी बरोबर असलो की मान खाली घालून भाजी निवडत राही.

परवा देवासला भेटून आलो. अंगणात त्यांचं शेवटचं धोतर वाळत घातलं होतं, पालथ्या बाजेवर पसरून. पानही हलत नव्हतं, तरी त्यावर दगडच दगड. मी एक उचलायला गेलो, तर वहिनी घाईघाईने म्हणाल्या, "राहू द्या भावजी. एकदा कमी ठेवले होते ना मी."

तेव्हाही मी हात मागे घेतला. चहा प्यायलो आणि गाडी पकडली.

हा लेख छापायला देण्याआधी मला देवासला जायचं आहे. वहिनींना हे दुसऱ्या कोणी वाचून दाखवू नये. दोन धोतरं आणि 'ती मी उचलली होती' हे एक वाक्य, एवढं मी वहिनींचं देणं लागतो.