मेश्राम सरांच्या फायनली

मेश्राम सर पहिल्या दिवशी कुणाच्याही हातात बॉल देत नसत. बास्केटबॉलच्या मातीच्या कोर्टावर आम्हा मुलींना बसवायचे आणि एखादी जुनी आंतरशालेय फायनल सांगायला घ्यायचे. कोणत्या शाळेची कोण मुलगी, पास कुणाचा, शेवटच्या मिनिटाला कुणाचा बॉल रिंगला लागून परतला, सगळं तोंडपाठ. आम्ही चुळबुळ केली की म्हणायचे, "आधी आयका, मंग खेला. तुमच्या आधी कोन खेललं हे मालूम नाई, अन् बॉल पाह्यजे!"

हरलेल्यांची नावं त्यांना जास्त पाठ असत. भंडारा-गोंदिया जिल्हा एक होता तेव्हा आमची टीम गोंदियाच्या एका शाळेकडून फायनल हरली. मी कॅप्टन, कोपऱ्यात रडत बसले होते. सर म्हणाले, "रड. पन त्या पाच नंबरच्या पोरीचं नाव विचारून ये पह्यले. जिनं हरवलन तिलेच भुलशीन, तं तुयी हार बी फुकट गेली."

पुढे जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला. मी भंडाऱ्यात शिक्षिका झाले. नोकरी अजून कायम व्हायची होती. माझी शाळा चालवणारी संस्थाच ही स्पर्धा भरवायची. संस्थेने स्मरणिका काढायचं ठरवलं, तेव्हा इतिहास सांगायला निवृत्त झालेल्या मेश्राम सरांना गाठलं आणि लिहायला मला बसवलं. चार महिने दर रविवारी मी जवळच्या शहापूरला त्यांच्या घरी जायची. सर डोळे मिटून सांगत, मी लिहीत असे. काकू मधूनच चहा ठेवून जात.

एकच प्रत होती. ती मी संस्थेच्या सचिवांना दिली. त्यांनी पानं चाळली. "मॅडम, गोंदिया आता आपला जिल्हा आहे का? त्यांच्या पोरींची नावं आपण कायले छापायची? जिल्हा फुटल्यानंतरचं तेवढं ठेवू."

मी मान डोलावली. माझी कायम नेमणुकीची फाइल त्यांच्याच टेबलावर होती.

प्रकाशनाच्या समारंभाला सर पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मागच्या रांगेत बसले. स्मरणिकेत इतिहास दीड पानाचा होता, खाली सचिवांचं नाव. सरांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे आले.

"जिल्हा कागदावर फुटला. फायनल कशी फुटन? आपली टीम का हवेसंग खेलली?"

माझी मान वर होईना. त्यांनी आवाज खाली आणला. "जाऊ दे. आपण लिहिलेले कागद तं तुयापाशी हायेत ना?"

"हो सर."

कागद छापखान्यातच गहाळ झाले होते. मला ते आठवडाभर आधी कळलं होतं.

पुढच्या महिन्यात मी कायम झाले. शहापूरला जाणं मी टाळू लागले. ते आजारी असल्याचं दोनदा कानावर आलं, तरी गेले नाही. गेले ती ते वारल्यावर.

काकू म्हणाल्या, "अखेरीले पोराइले बी वळखत नव्हते, माय. फायनली तं साऱ्या भुलले. पन फिकर नव्हती त्याइले. म्हनत, 'मी भुललो तं भुललो, पोरीपाशी सारं लिहून हाये.' ते कागद एकडाव घेऊन येजो. नातीले वाचून दाखवू."

"होजी, आणते," मी म्हणाले.