पाटीवरचे पायलट

आमच्या ह्यांना मी भर बाजारात पायलट करून टाकलं. एकाहत्तरची लढाई चालू होती. मी नवी नवरी, अंगावर कोरं लुगडं आणि डोक्यात हवा. पाचोडच्या आठवडी बाजारात जाऊबाईंबरोबर मिरच्या निवडत होते. मिरचीवालीनं विचारलं, "तुझा मालक बॉम्बर विमानात हाय म्हनं. काय करतो गं तिथं?"

मी ऐटीत सांगितलं, "दोघंच असतात. एक जण विमान चालवतो, आमचे हे त्याला रस्ता सांगतात."

"म्हंजी कंडक्टर!" जाऊबाई म्हणाल्या. "तिकिटं बी फाडतो काय?"

सगळ्या खो खो हसल्या. माझ्या नाकाचा शेंडा मिरचीहून लाल. "नाय! हेच चालवतात. लई मोठे पायलट हायेत!" झालं. दिवस मावळायच्या आत अख्ख्या गावाला पायलट मिळाला.

लढाई संपल्यावर हे सुट्टीवर आले. जो तो 'पायलटसाहेब' म्हणायला लागला, तेव्हा ह्यांनी मला बाजूला घेतलं. रागावले असते तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाले, "निशाणा जवळ आला की मी विमानाच्या नाकात, काचेमागं पालथा पडायचो. डावीकडं, अजून थोडं, आता सरळ धर, असं मी म्हणायचो आणि पायलट तसं करायचा. बटण मी दाबायचो. खाली जे झालं ते माझ्या वाट्याचं आहे. मला पायलट करून ते त्याच्या माथी कशाला मारतेस?"

एवढं ऐकूनही बाईसाहेब गप्प! जाऊबाई पुन्हा हसतील म्हणून. नवरा तोफांच्या माऱ्यातून जाऊन आला आणि बायको मिरचीच्या ढिगाला भ्याली. तेव्हाच्या त्या ठमीला आज दोन धपाटे घालावेसे वाटतात.

परवा गावच्या सभागृहात ह्यांचा फोटो लावला. आम्ही आता राहतो त्या मुकुंदवाडीहून गाडी करून गेलो. पडदा सरकला, खाली चकचकीत पाटी: 'बॉम्बर विमानाचे पायलट'. टाळ्या पडल्या. ह्यांनी पाटी वाचली आणि मान खाली घातली.

मी उठले. गुडघे कुरकुरले, त्यांनाही दामटलं. माईक हातात घेऊन म्हणाले, "पाटी चुकलीय. हे पायलट नव्हते, नेव्हिगेटर होते. पायलट ही माझी थाप."

पुतण्या धावत आला. कार्यक्रम त्यानंच ठरवलेला. कानाशी पुटपुटला, "काकू, बसा ना. पायलट म्हटलं की लोकांना कळतं. नेव्हिगेटर कुणाला कळतंय?"

"नाय कळलं तर विचारतील. विचारू दे."

"पण पाहुणे बसलेत, काकू. काय म्हणतील?"

"म्हणू दे की म्हातारी खोटारडी हाय. ह्यांनी जे केलं ते ह्यांच्याच नावावर राहील, चांगलं असो नाय तर वाईट. पाटी उतरव. तोवर मी इथून हलत नसते आणि तुझा चहाही घेत नसते."

पुतण्यानं काकांकडं पाहिलं. काकांनी मान डोलावली. पाटी उतरली.

परतताना आडूळ गाव मागं पडेपर्यंत हे खिडकीबाहेरच बघत बसले. मला वाटलं, चारचौघांत शोभा केली म्हणून चिडले. मग तसंच बाहेर बघत म्हणाले, "बरं केलंस. पण आता ती पोरं 'नेव्ही' लिहून मला जहाजावर बसवतील, तेव्हा परत चल भांडायला."