दांडी वर होती

बारामती ते इंदापूर रस्त्यावर माझी एक सर्व्हिस मोटार होती. मोटार माझी, पण चालवायचे तात्या. ते लोणी भापकरचे, माझ्याहून बरेच मोठे. आगगाडीचे उतारू घेऊन आम्ही बारामती सोडायचो. मागून दुसऱ्या एका मालकाची नवी मोटार यायची आणि सणसरच्या अलीकडे, कालव्याच्या पुलाच्या चढावर, आम्हाला मागे टाकून जायची. मग आमच्या उतारूंना चेव यायचा.

"तात्या, मागच्या बैलगाडीला वाट द्या, तिला उशीर हुतुया!"

"उतरून ढकलू का वो?"

"बसा गप," तात्या हसत म्हणायचे. "पोचल्याशी मतलब हाय न्हवं?"

मला मात्र ते हसण्यावारी नेता येत नव्हते. इंजिनात ठिणगी जरा आधी पडेल असे केले की मोटारीला ओढ येते, हे मी पुण्याच्या एका कारखान्यात उभे राहून पाहिले होते. तात्यांना सांगितले, तर ते म्हणाले, "मालक, बरी चालतीया. तिच्या पोटात हात घालू नगा."

एकदा ते जेवायला गेले होते, तेव्हा मी बॉनेट उघडले. आतला स्क्रू सैल केला, ठिणगीची वेळ अलीकडे सरकवली आणि स्क्रू पुन्हा आवळला. किती सरकवायची याचा अंदाज मला नव्हता. जास्त म्हणजे चांगले, एवढेच डोक्यात होते.

मोटार खरोखरच ओढायला लागली. चढावर जराशी ठोकल्यासारखी वाजायची, पण ती दुसरी मोटार मागे राहिली आणि उतारूंनी टाळ्या पिटल्या. तात्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "म्हातारीला ज्वानी आली की!" स्क्रूची गोष्ट मी माझ्यापाशीच ठेवली. तेव्हा सांगितले असते तर पुढचे सगळे टळले असते.

थंडीतली एक सकाळ. मोटार गारठली होती. स्टिअरिंगपाशी ठिणगीची एक दांडी असायची. ती वर केली की ठिणगी उशिरा पडते. मोटार सुरू करायला पुढून हँडल फिरवावे लागे; ते मारण्याआधी दांडी वर करायचीच, नाहीतर हँडल उलटे फिरून हात मोडतो. तात्यांनी दांडी वर केली. मी शेजारीच उभा होतो, मला स्वच्छ दिसले. ते पुढे गेले, वाकले आणि हँडल मारले. हँडल फाडकन उलटे फिरले. ते मनगट धरून खालीच बसले.

मी आतली वेळच इतकी सरकवून ठेवली होती, की दांडी वर असूनही ठिणगी लवकरच पडत होती. हे मला त्याच क्षणी कळले. तात्यांना कळणे शक्यच नव्हते. त्यांनी घामेजल्या तोंडाने मला विचारले, "मालक, दांडी म्या वर केली हुती ना?"

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

हाड बसवले, पण हात वाकडाच राहिला. गावात बोलले जाऊ लागले, "तात्या आता इसराया लागलं." हात मोडला त्याच संध्याकाळी मी स्क्रू होता तसा करून टाकला होता. दुसऱ्या कुणाचा हात मोडू नये म्हणून, असे मी स्वतःला सांगितले. ते निम्मेच खरे होते.

हात बरा झाल्यावर मी त्यांना बोलवायला गेलो. ते मळ्यात वांगी तोडत होते, डाव्या हाताने.

"मी न्हाय येत, मालक. हाताचं काय न्हाय वो, चालंल तो. पर दांडी इसरणाऱ्याच्या मागं मानसं कशी बसवायची? माझाच मला भरवसा न्हाय ऱ्हायला."

तेव्हा मी सगळे सांगितले. स्क्रू, ठिणगी, दांडी वर करताना मी पाहिले होते तेसुद्धा. ऐकता ऐकता त्यांचा वांगी तोडणारा हात थांबला. मग त्यांचे डोळे भरून आले. पलीकडच्या वाफ्यात त्यांची बायको होती. तिला त्यांनी हाक मारली.

"ऐकलंस का गं? माझी चूक मालक सोताच्या अंगावर घेत्यात. मला परत न्यायला!"

"तात्या, खरं सांगतोय मी. शपथेवर."

"व्हय व्हय. चला, मोटारीत दावा मला कुठं काय हाललंय ते."

दाखवायला काहीच उरले नव्हते. मीच सगळे जागच्या जागी नेऊन ठेवले होते.

त्यांच्या बायकोने मला हात जोडले. त्यानंतर तात्या कधी मोटारीवर बसले नाहीत, आणि मी किती मोठ्या मनाचा, हे मात्र सणसरपर्यंत सांगत राहिले.